सत्ताविसावा प्रश्न

“ए-टू,” तो म्हणाला.

म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नाही. संक्रांत तीन दिवसांवर आली होती. मी हिंदमाताला एका दुकानात गादीवर बसून काळी साडी निवडत होते आणि माझे दोन्ही हात साडीच्या घड्यांत अडकले होते. पदर कसा पडतो ते दाखवायला दुकानातल्या पोट सुटलेल्या काकांनी चंद्रकळा स्वतःच्याच खांद्यावरून घेतली, मान वेळावली, आणि मला हसू आवरेना. एरवी मी हसताना तोंडावर हात धरते. माझा पुढचा एक दात शेजारच्या दातावर किंचित रेललेला आहे, त्यामुळे शाळेपासून लागलेली सवय. त्या दिवशी हात मोकळेच नव्हते.

तर मी मनसोक्त हसले, आणि शेजारी बसून हिरव्या नऊवारीचं सूत चाचपणारा एक तरुण माझ्या तोंडाकडे टक लावून बघत हळूच म्हणाला, “ए-टू.”

मी त्याच्याकडे असं काही बघितलं की त्याच्या हातातली साडी निसटली.

“सॉरी… म्हणजे… कामाची सवय आहे,” एवढं पुटपुटून तो हिरवी साडी उचलून पैसे द्यायला पळाला. त्याचे कान लाल झाले होते. बरा दिसत होता, हे मी मनात नोंदवलं आणि लगेच खोडलं.

मी मधुरा विजयकर. राहते गिरगावात. आमच्या घरात तीन पिढ्या हेडक्लार्क झाल्या. माझे बाबा कमलाकांत विजयकर निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी विजेच्या बिलावर ‘तपासले’ असं लिहून खाली सही करतात. त्यामुळे रिकामी जागा मला बघवत नाही. फॉर्ममधला एखादा रकाना कोरा दिसला की हात शिवशिवतात. हा गुण हेरूनच परळच्या एका दातांच्या लॅबने मला नुकतंच एचआरमध्ये घेतलं होतं.

दातांची लॅब म्हणजे दवाखाना नव्हे. डेंटिस्ट मापं पाठवतात, आणि आमच्याकडे सत्तर माणसं बसून त्या मापांचे दात घडवतात. वीस वर्षं हा कारभार तोंडी चालला. रजा हवी असली की मालकांच्या केबिनमध्ये डोकावायचं, त्यांनी मान हलवली की रजा मंजूर. आता नवीन पोर्टल आलं होतं, आणि नियमांची पुस्तिका लिहिणं हे माझं पहिलं काम होतं. मी एकतीस कलमं लिहिली. माझ्या वरिष्ठ राजलक्ष्मी मॅडम मोजकं बोलतात. त्यांनी दोन स्वल्पविराम काढले आणि सही केली.

साडीखरेदीनंतरच्या सोमवारी पुस्तिका वाटली आणि दुपारपासून माझ्या टेबलासमोर रांग लागली. तीन लेटमार्कांना अर्धा दिवस कापतात, तर दोन लेटमार्कांचं काय होतं? लग्नासाठी पीएफमधून पैसे काढता येतात, पण लग्न मेहुणीचं असेल तर? पगाराच्या स्लिपवरचा विशेष भत्ता एवढासाच का? मी प्रत्येकाला कलमाचा आकडा सांगत होते. पुस्तिका कोणी उघडलेलीच नव्हती.

रांगेच्या शेवटी तो उभा होता. अंगात पांढरा कोट, बाहीवर पांढरी भुकटी, हातात पुस्तिका, आणि कान पुन्हा लाल.

“विनीत पाष्टे. सिरॅमिक विभाग,” तो म्हणाला. “ए-टू हा दातांच्या रंगाचा नंबर आहे, मॅडम. असे सोळा नंबर असतात. मला दिवसभर तेच बघायचं असतं, म्हणून तोंडातून निघून गेलं.”

“चांगला असतो का?” मी फाईलमधून डोकं वर न काढता विचारलं.

“माणसाचा असतो. अगदी पांढरेशुभ्र दात फक्त जाहिरातीत.”

मला हसू आलं. हात आपोआप तोंडावर गेला. त्याने तेही पाहिलं. पुस्तिकेचं नववं कलम माझ्यासमोर धरलं. रजेचा अर्ज तीस दिवस आधी, तारखेसह.

त्याची अडचण तारखेचीच होती. त्याचं गाव संगमेश्वरकडचं. तिथे शिमग्यात देवीची पालखी घरोघर जाते. होळीला तारीख असते, पण पालखी कुठल्या दिवशी कुणाच्या अंगणात जाणार हे गावकरी होळीनंतर बसून ठरवतात. कधी चार दिवसांनी, कधी दहा. पालखी अंगणात आली की घरच्या माणसाने ती खांद्यावर घेऊन नाचवायची. इतकी वर्षं वडील नाचवायचे. मागच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. यंदा खांदा विनीतचा होता. ती हिरवी साडीही देवीच्या ओटीची.

“मागच्या लॅबमध्ये असंच पोर्टल आलं होतं,” तो म्हणाला. “तारीख भरल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मी राजीनामा दिला. इथेही द्यावा लागेल कदाचित. रागाने नाही सांगत, मॅडम. आधी सांगितलेलं बरं.”

एवढ्या मऊ आवाजात राजीनाम्याची धमकी मला आजवर कोणी दिली नव्हती. आणि धमकी नव्हतीच ती. तो खरंच जाणार होता आणि त्याला त्याचं वाईट वाटत होतं.

मी बघते म्हणाले. मग तीन आठवडे मॅडमच्या मागे लागले. एका माणसासाठी नियम बदलायचा का, असं त्यांनी विचारलं, तर मी रात्री बसून यादी काढली. सत्तर जणांत तेवीस कोकणातले. म्हणजे तेवीस माणसं दरवर्षी शिमग्याला आजारी पडणार होती. मॅडम यादीकडे बघत राहिल्या, आणि पुस्तिकेत नऊ-अ आलं : ग्रामदेवतेच्या उत्सवासाठी पाच दिवस रजा, तारीख मागाहून कळवली तरी चालेल.

त्या संध्याकाळी मी स्वतः सिरॅमिक विभागात जाऊन विनीतला सांगितलं. तो बारीक ब्रशने एका दातावर पोर्सलीनचा थर चढवत होता, श्वास रोखून. काम संपेपर्यंत मी उभी राहिले. मग म्हणाले की निर्धास्त जा, पोर्टलचं मी बघेन.

“शब्द देताय?” त्याने विचारलं.

“दिला.”

टेबलाशी येऊन पोर्टल उघडलं, तर ते कोरी तारीख घेईना. तो रिकामा रकाना माझ्याकडे बघत होता. मी तात्पुरती होळीची तारीख टाकली. खरी तारीख आली की बदलू, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवसापासून विनीत रोज दुपारी चहाच्या वेळी एक प्रश्न घेऊन येऊ लागला. अख्ख्या लॅबमध्ये पुस्तिका वाचणारा तो एकटाच निघाला, आणि कलमांच्या क्रमाने विचारत होता. दहाव्या कलमातली बदली रजा सहा महिन्यांत वापरली नाही तर बुडते का? चौदाव्यात ग्रॅच्युइटीला पाच वर्षं म्हणता, मग सध्याच्या दोनचं काय? प्रश्न खरे होते, पण दोन मिनिटांच्या उत्तराला वीस मिनिटं कशी लागत होती, हे माझ्या चहाला विचारायला हवं. तो रोज गार व्हायचा.

एकदा त्याने शेड गाइड आणलं होतं, रंगांचे सोळा नमुने ओळीने लावलेली पट्टी. राजलक्ष्मी मॅडम बी-वन, हे त्याने लांबूनच सांगितलं. मी म्हटलं, माझे पडताळून बघा. त्याने पट्टी उचलली आणि परत खाली ठेवली.

“तुम्ही हात काढाल तेव्हा.”

मी हात काढला नाही. त्याऐवजी विचारलं की हा पुढचा वाकडा दात सरळ करता येतो ना.

“येतो,” तो म्हणाला. “पण मी तुमच्या जागी असतो तर कोणाला हात लावू दिला नसता. सगळं जग सरळ दात मागतं, मॅडम. आम्ही दिवसभर सरळच बनवतो. असा एक दिसला की… बरं वाटतं.”

घरी जाऊन मी आरशासमोर उभी राहिले. आईने विचारलं, दात दुखतोय का. मी हो म्हणाले.

मार्च उजाडला आणि विनीत सव्विसाव्या कलमापर्यंत आला. सत्ताविसावं काय आहे, हे मला पाठ होतं. मीच लिहिलं होतं, अगदी कोरडेपणाने : दोन कर्मचाऱ्यांमध्ये प्रेमाचे नाते जुळल्यास दोघांनी चौदा दिवसांच्या आत ठरावीक नमुन्यात लेखी कळवावे, त्यांपैकी एक जण दुसऱ्याची फाईल हाताळत असल्यास ती फाईल अन्य व्यक्तीकडे द्यावी. लिहिताना वाटलं होतं, कोण वाचतंय.

त्या रात्री मी उत्तराची तयारी केली. तो काय विचारेल, मी काय म्हणेन. सकाळी आकाशी कुर्ता घातला. दुपारी तो आला, बसला, पुस्तिका उघडली.

“अठ्ठावीस,” तो म्हणाला. “ओळखपत्र हरवलं तर शंभर रुपये कशाचे?”

“सत्तावीस?” माझ्या तोंडून निघून गेलं.

“ते…” तो पुस्तिकेकडे बघत राहिला. “ते नंतर विचारतो.”

मी ओळखपत्रावर काय उत्तर दिलं, मला आठवत नाही. काहीतरी चुकीचंच दिलं असणार.

होळी झाली, विनीत कामावर होता. त्या दिवसांत माझ्यावर नुसता डोंगर कोसळला होता. आर्थिक वर्षअखेर, सत्तर माणसांचे गुंतवणुकीचे पुरावे, भाड्याच्या पावत्या, एकाने तर सासऱ्यांच्या पॉलिसीची पावती स्वतःची म्हणून दिलेली. अशा एका मंगळवारी त्याचा मेसेज आला. ‘गावकऱ्यांनी ठरवलं. पालखी शनिवारी संध्याकाळी आमच्या अंगणात. आज रात्रीच्या एसटीने निघतोय. देवीकडे तुमच्यासाठी काय मागू?’

आता मला सांगा, या मेसेजमधलं कुठलं वाक्य कोणाच्या लक्षात राहील?

मी पाऊण तास उत्तर लिहिलं आणि पुसलं. ‘मला काही नको’ हे उर्मट वाटलं. ‘तुम्हीच ओळखा’ हे सिनेमातलं. शेवटी ‘सगळ्यांचं चांगलं होऊ दे’ असं बालवाडीतल्या प्रार्थनेसारखं काहीतरी पाठवलं, स्वतःवर चिडले, आणि पुन्हा भाड्याच्या पावत्यांत डोकं घातलं. पोर्टलवरची तारीख बदलायची राहिली ती राहिलीच.

शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला कुरियरची पोचपावती टेबलावर आली. पाठवलेलं पत्र : विनापरवानगी गैरहजेरी. पोचल्याची सही, थरथरत्या देवनागरीत : दौलत पाष्टे, वडील.

होळीच्या आठवड्यात तो कामावर होता आणि पोर्टल त्याला रजेवर समजत होतं. बुध, गुरू, शुक्र तो गावाला होता आणि पोर्टल त्याला कामावर शोधत होतं. तीन दिवस माणूस सापडला नाही की पोर्टल आपोआप पत्र काढतं. पत्राचा मजकूर माझाच. ‘आपणांस या नोकरीत स्वारस्य उरलेले नाही असे गृहीत धरण्यात येईल.’ केवढी खूश झाले होते मी या वाक्यावर.

राजलक्ष्मी मॅडमना सगळं सांगितलं. चूक माझी आहे, हे दोनदा सांगितलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पाष्टेंनी मागची नोकरी याच कारणावरून सोडली होती ना, एवढं विचारलं. मग पत्र मागे घेत असल्याचं पत्र टाइप करून घेतलं, सही केली, शिक्का मारला.

“हे कुरियरने जाणार नाही,” त्या म्हणाल्या. “पत्ता लालबागचा आहे. चालत वीस मिनिटं.”

ती वीस मिनिटं मी कशी चालले ते माझं मला माहीत. नोकरी माझी जाणार नव्हती. पण शब्द माझा गेला होता. तो परत येईल, घरातलं पत्र बघेल आणि त्याच मऊ आवाजात राजीनामा ठेवेल, आणि मग चहाच्या वेळी माझ्यासमोरची खुर्ची… यापुढचा विचार मी केला नाही. मसाल्याच्या दुकानांपाशी डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरच्यांच्या नावावर खपवलं.

चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. दौलतकाका पलंगावर पाय लांब करून बसले होते, गुडघ्याला पट्टा. काकू विनीतबरोबर गावाला गेलेल्या. मी नाव सांगितलं, ऑफिसातून आले म्हटलं.

“बस गो बाय,” ते म्हणाले. “मला उठवत नाय. पाणी तेवढं माठातलं घे हातानं.”

पत्र त्यांच्या उशाला, चष्म्याखाली घडी करून ठेवलेलं. त्यांनी ते उचललं.

“वाचलं मी. ते ‘स्वारस्य’ म्हणजे काय गो?”

मी माठाकडे वळले, पाणी घेतलं.

“गिरणी बंद झाली तेव्हा आमाला गेटावर कागद चिकटवलेला दिसला. हे निदान घरी तरी आलं.” ते हसले, पण हात पत्रावरून फिरत होता. “पोराला नाय कळवलंय अजून. खांद्यावर पालखी घ्यायचीय आज त्याला. उद्या सांगीन म्हटलं. नोकरी गेली काय गो त्याची?”

मी नाही, नाही म्हणत दुसरं पत्र पुढे केलं आणि सगळं सांगून टाकलं. रिकामा रकाना, होळीची तारीख, आलेला मेसेज, राहिलेली दुरुस्ती. विनीतने काही चुकीचं केलं नव्हतं, शब्द मी दिला होता आणि मीच विसरले. रडायचं नाही असं जिन्यातच ठरवलं होतं, ते काही जमलं नाही.

त्यांनी शिक्का बघितला, दोन्ही पत्रं एकत्र घडी केली. मग माझ्याकडे बघितलं.

“मेसेज वाचलास, तरी तारीख कशी गो इसरलीस?”

मी जमिनीकडे बघितलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे नजर टाकली. पाच वाजून गेले होते.

“चूक झाली तर मला सांगून काय उपेग? देवीला सांग,” असं म्हणून त्यांनी फोन उचलला आणि गावाला पुतण्याला लावला. जगदीश त्याचं नाव. गावच्या घराच्या अंगणातल्या फणसाखाली रेंज येते, हे काकांनी मला कौतुकाने सांगितलं. पलीकडून ढोल ऐकू येत होता. काका ओरडून काहीतरी बोलले, त्यातलं ‘मुंबईची पोरगी’ आणि ‘तारीख’ एवढंच मला समजलं. त्यांनी स्पीकर चालू करून फोन माझ्या मांडीवर ठेवला. “गाऱ्हाणं घालतील आता तुझं. मदे बोलू नको.”

ढोल थांबले. एका म्हाताऱ्या, खणखणीत आवाजाने सुरुवात केली.

“बा देवी म्हाराजा, तिकडं आपल्या दौलतच्या मुंबईच्या घरात एक लेक बसलीय…”

“व्हय म्हाराजा,” पन्नासेक माणसं एका सुरात म्हणाली.

“तिच्या हातनं तारखेची चूक झालीय, ती तिनं कबूल केलीय, ती पदरात घे…”

“व्हय म्हाराजा.”

“आनि तिच्या मनात जा काय चांगला आसंल, ता पुरा कर रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा.”

या खेपेला सगळ्यांचं म्हणून झाल्यावर मागून एक आवाज आला, जरासा उशिरा. तो आवाज मी रोज चहाच्या वेळी ऐकत होते.

फोनवर खरखर झाली. “मॅडम… तुम्ही आमच्या घरी?”

“हो.” मग मी पत्राचं सांगितलं. लपवण्यासारखं आता उरलंच काय होतं. पलीकडे पोरं ओरडत होती, कुठेतरी नारळ फुटला.

“बाबांनी वाचलं?”

“वाचलं. मी… मला माफ करा. तुम्ही राजीनामा दिलात तर मी समजू शकते.”

“बाबा काय करतायत?”

मी बघितलं. दौलतकाका डोळे मिटून, बसल्या जागी खांदे हलवत होते. ढोल पुन्हा सुरू झाला होता. मी ते सांगितलं, आणि पलीकडे विनीत हसल्यासारखा वाटला. रडलाही असेल.

“मॅडम, आता पालखी खांद्यावर घेतोय,” तो म्हणाला. “तुमच्यासाठी काय मागू ते तुम्ही अजून सांगितलंच नाहीत. सगळ्यांचं चांगलं वगैरे नको.”

स्पीकर चालू होता. इकडे त्याचे वडील, तिकडे अख्खं गाव. पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही. मला फक्त तो परत यायला हवा होता.

“तुम्ही परत या,” मी म्हणाले. “माझ्यासाठी तेवढंच मागा.”

ढोल एवढ्या जोरात वाजले की त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. दौलतकाकांनी मात्र ऐकलं. त्यांनी मला कपाटाच्या खालच्या फळीवरून गोड खाज्याचा पुडा काढायला सांगितला आणि अर्धा मला बांधून दिला.

सोमवारी चहाच्या वेळी विनीत आला. उन्हाने रापलेला, खांद्यावर पालखीच्या दांड्याचा वळ, कॉलरमधून थोडा दिसणारा. टेबलावर खोबऱ्याची वाटी ठेवली, प्रसाद म्हणून. दुसऱ्या खिशातून कागद काढेल, राजीनाम्याचा, म्हणून मी त्याच्या हाताकडेच बघत होते. त्याने पुस्तिका काढली.

“सत्तावीस,” तो म्हणाला.

“विचारा.”

“चौदा दिवसांच्या आत कळवावं, असं लिहिलंय. हे चौदा दिवस कधीपासून मोजायचे?”

“नातं जुळल्यापासून.”

“आणि ते कधी जुळलं हे कोण ठरवतं? म्हणजे… गावाने तर शनिवारीच ठरवलंय. जगदीश सगळ्यांना सांगत सुटलाय. पण तुमचं तुम्हालाच विचारलेलं बरं.”

माझ्या चहावर साय धरली होती. मी ड्रॉवर उघडला, ठरावीक नमुन्याचे दोन फॉर्म काढले, एक त्याच्यासमोर सरकवला. त्यात एक रकाना होता : नाते सुरू झाल्याची तारीख. माझे हात शिवशिवले. त्याचा रकाना मी भरला नाही. एकदा भरून बघितला होता.

“तुमची तुम्ही लिहा,” मी म्हणाले. “माझी मी लिहिते.”

एकमेकांचं न बघता आम्ही लिहिलं, घडी घातली आणि राजलक्ष्मी मॅडमच्या टेबलावर ठेवून आलो.

तासाभराने मॅडमनी मला बोलावलं. दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी पसरलेले होते. माझ्या फॉर्मवर बावीस मार्च होती, लालबागचा शनिवार. त्याच्या फॉर्मवर अकरा जानेवारी. मी मनातल्या मनात मागे गेले. अकरा जानेवारी… हिंदमाता, काळी साडी, अडकलेले हात.

“तारखा जुळत नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “तुझी वेळेत आहे. पण अकरा जानेवारी धरली तर पाष्टेंनी चौदा दिवसांची मुदत केव्हाच ओलांडली. नियम तूच लिहिलायस. लेखी खुलासा मागावा लागेल.”

मी म्हटलं, मी मागते.

“तू नाही. त्यांची फाईल आता तुझ्याकडे नाही.” त्यांनी त्याची फाईल उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. ती जाताना मला जरा चुटपुट लागली, खोटं कशाला सांगू. मग त्यांनी खरोखरच मेमो काढला, आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक घालून. विलंबाचे कारण चोवीस तासांत लेखी कळवावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुलासा आला. मॅडमनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. खाली ‘कारण समाधानकारक’ असं लिहून सही केली. फाईलमध्ये लावण्याआधी कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला, आणि पाच मिनिटांत परत हवा म्हणाल्या.

विनीतचं अक्षर त्याच्या कामासारखंच आहे, बारीक आणि नेटकं. दोनच ओळी होत्या.

‘त्या दिवसानंतर मॅडम माझ्यासमोर हसल्या की तोंडावर हात धरायच्या. हसू माझ्यासाठी आहे की नाही, याची खात्री करायला एकतीस कलमं लागली.’

मी मान वर केली. काचेपलीकडे सिरॅमिक विभागाच्या दारात तो पांढऱ्या कोटात उभा होता, हातात ब्रश तसाच, उत्तराची वाट बघत. मला हसू आलं, आणि हात टेबलावरच राहिले.